बिडाचा रेडिएटर हलवताना: जर्सी सिटीतील एका जुन्या घराचे प्रकरण

अमेरिकेतल्या जर्सी सिटीतील आमचे घर 1920च्या दशकात बांधलेले, लाकडी सांगाड्याचे आणि दोन कुटुंबांसाठीचे आहे. खाली आम्ही राहतो, वर भाडेकरू राहतात आणि तळघरातला एकच बॉयलर हिवाळ्यात दोन्ही बिऱ्हाडांना ऊब पुरवतो. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, बिडाचा एक रेडिएटर उभा आहे. रेडिएटर म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकाला मोटारीच्या बॉनेटखालची जाळी आठवते, म्हणून सांगतो: हा म्हणजे बिडाच्या पोकळ, उभ्या खणांची एकमेकांना जोडून केलेली रांग असते. तिच्यात वाफ किंवा गरम पाणी शिरते आणि खोली तापते. आमच्या या रेडिएटरला दहा खण आहेत, प्रत्येक खणात तीन उभे खांब आहेत, उंची 38 इंच आणि लांबी जेमतेम 25 इंच आहे. दिसायला तो एखाद्या लहान कपाटाएवढा असला तरी चार माणसे लावल्याशिवाय हलत नाही.

तो काढण्याचा विचार दोन कारणांनी पुढे आला. पत्नीला घरून काम करण्यासाठी खिडकीपाशी टेबल हवे होते आणि तेवढी जागा रेडिएटरने अडवली होती. शिवाय त्याच्या नळाखालच्या ओक लाकडाच्या दोन पट्ट्या काळ्या पडून मऊ झाल्या होत्या, आणि संपूर्ण खोलीची लाकडी जमीन घासून पुन्हा पॉलिश करायचीच होती. रेडिएटर कायमचा काढून टाकावा, नळाचे तोंड बंद करावे आणि जमीन सलग करून घ्यावी, असा आमचा मूळ बेत होता. किरकोळ कामे करणाऱ्या एका माणसाने तर करवतीने नळ जमिनीलगत कापून अर्ध्या तासात भंगार बाहेर नेण्याची तयारी दाखवली. त्याचा दर इतका कमी होता की त्या क्षणी मी जवळजवळ होकार दिला होता.

नळ एक की दोन

होकार देण्याआधी मी एकच गोष्ट केली, ती म्हणजे रेडिएटरला किती नळ आहेत ते पाहिले. जुन्या अमेरिकन घरांत दिसायला सारखेच असणारे रेडिएटर दोन अगदी वेगळ्या व्यवस्थांचे असू शकतात. दोन नळ असतील आणि वरच्या कोपऱ्यात चावीने उघडण्याचा बारीक स्क्रू असेल, तर बहुधा ती गरम पाण्याची व्यवस्था असते. तिच्यात रेडिएटर, नळ आणि बॉयलर बारा महिने पाण्याने भरलेले असतात, आणि पाणी न उतरवता नट सैल केला तर वरच्या मजल्यापर्यंतचे सगळे पाणी त्याच वाटेने खाली येते. आमच्या रेडिएटरला एका टोकाला तळाशी एकच जाड नळ होता आणि दुसऱ्या टोकाच्या खणावर, साधारण मध्यावर, बंदुकीच्या गोळीसारख्या आकाराचा छोटा चकचकीत हवा-झडप होता. तळघरात बॉयलरच्या अंगाला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी होती आणि पाणी फिरवणारा पंप कुठेही नव्हता. ही एक-नळी वाफेची व्यवस्था होती.

एक-नळी व्यवस्थेची युक्ती मला अजूनही मोहक वाटते. बॉयलरमधून निघालेली वाफ स्वतःच्याच दाबाने वर चढते आणि रेडिएटरमधली हवा हवा-झडपेतून बाहेर ढकलते. वाफ झडपेपर्यंत पोहोचली की झडप आपोआप मिटते. मग ती वाफ बिडाच्या थंड अंगावर थिजून पाणी होते आणि ते पाणी ज्या नळातून वाफ आली त्याच नळातून, वर येणाऱ्या वाफेच्या खालून, बॉयलरकडे परत ओघळते. यात ना पंप आहे, ना दुसरा नळ. ही ये-जा एकाच भोकातून होत असल्याने त्या नळावरचा वाल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवावा लागतो. अर्धवट ठेवला तर पाणी आत अडकते. त्याच कारणाने रेडिएटरला नळाच्या दिशेने किंचित ढाळ असावा लागतो. हे वाक्य मी तेव्हाही माझ्या वहीत लिहिले होते आणि चार महिन्यांनी ते मलाच पुन्हा वाचावे लागले.

कायमचा काढावा का

वाफेच्या बॉयलरचे माप घराच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्याला जोडलेल्या रेडिएटरांची एकूण उष्णता देण्याची ताकद किती आहे, त्यावरून ते ठरते. ही ताकद ‘चौरस फूट’ या एककात मोजतात आणि वाफेच्या बाबतीत असा एक चौरस फूट म्हणजे ताशी 240 बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता. 38 इंच उंचीच्या तीन-खांबी खणाची ताकद 5 चौरस फूट धरली जाते, म्हणजे आमचा दहा खणांचा रेडिएटर 50 चौरस फुटांचा, ताशी 12,000 बीटीयूचा, विजेच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॅटचा ठरतो. दोन्ही मजल्यांवरचे सगळे रेडिएटर मोजल्यावर बेरीज 372 चौरस फूट आली आणि बॉयलरवरच्या माहितीच्या पट्टीवर 392 चौरस फूट असा आकडा होता. नळांना तापवण्यात जाणारी जादा उष्णता वजा करूनच हा आकडा छापलेला असतो. थोडक्यात, ज्याने कोणी हा बॉयलर निवडला त्याने हिशेब नीट केला होता.

आता त्यातून 50 वजा केले की उरतात 322. बॉयलर मात्र 392चाच राहतो, म्हणजे गरजेपेक्षा जवळजवळ 22 टक्के मोठा होतो. रेडिएटर थिजवू शकतील त्याहून अधिक वाफ तयार होऊ लागली की दाब चढतो, दाब-नियंत्रक बर्नर बंद करतो, दाब उतरला की तो पुन्हा पेटतो आणि हे चक्र दिवसभर चालू राहते. गॅस वाया जातो आणि बॉयलरच्या सुट्या भागांची झीज वाढते. वरच्या भाडेकरूंचा आमच्या टेबलाशी काही संबंध नसताना त्याचा त्रास त्यांनाही झाला असता. शिवाय त्या मागच्या खोलीला तीन बाजूंनी बाहेरच्या भिंती आहेत. खिडक्या आता दुहेरी काचेच्या असल्याने तिला पूर्ण साडेतीन किलोवॅट लागत नसले, तरी इथल्या साध्या सॉकेटवर चालणारा विजेचा हीटर दीड किलोवॅटचा असतो आणि जुन्या तारांच्या खोलीत तसे दोन हीटर एकाच सर्किटवर चालत नाहीत.

हा हिशेब रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून झाल्यावर बेत बदलला. रेडिएटर काढायचा, पण जमिनीचे काम होईपर्यंतच. नंतर तो परत बसवायचा आणि टेबल दुसऱ्या भिंतीला लावायचे. करवतवाल्याला नाही म्हणून कळवले.

रंग, धूळ आणि तळघरातले पांढरे वेष्टण

अमेरिकेत घरगुती वापराच्या शिशाच्या रंगावर 1978 साली बंदी आली. त्याआधीच्या घरातल्या रेडिएटरवर रंगाचे जितके जुने थर असतील, तितकी त्यांत शिसे असण्याची शक्यता अधिक. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या चाचणीच्या कांडीने आमच्या रेडिएटरवरचा रंग लगेच लाल दाखवला. त्यामुळे कोरडे घासणे किंवा घण घालून तुकडे करणे हे मार्ग तिथेच बाद झाले. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरले, नटाभोवतीचा रंग ओल्या फडक्यानेच खरवडला, आमच्या चार वर्षांच्या मुलाला त्या दोन दिवसांपुरते मित्राकडे ठेवले आणि जमीन घासण्यासाठी शिशाच्या कामाचे प्रमाणपत्र असलेलाच कंत्राटदार बोलावला.

तळघरात वाफेच्या मुख्य नळाभोवती पांढरे, पन्हळी कागदासारखे वेष्टण आहे. त्या काळच्या घरांत ते बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसचे असते आणि न डिवचता तसेच राहू देणे हाच त्यावरचा शहाणा उपाय असतो. आमच्या रेडिएटरकडे येणारी फांदी उघडीच होती, पण ती त्या मुख्य नळाला जोडलेली होती. वर जोरात पिळले तर खाली वेष्टण हादरणार होते.

नट

जूनमध्ये बॉयलरचा विजेचा खटका बंद करून त्यावर कागद चिकटवला. काही घरांत नळाचे गरम पाणीही याच बॉयलरमधून येते आणि मग तो उन्हाळ्यातही आपोआप पेटतो. आमच्याकडे पाण्यासाठी वेगळी टाकी आहे, म्हणून निश्चिंत राहता आले.

वाल्व्ह आणि रेडिएटर यांना जोडणारा मोठा पितळी नट हाच या कामाचा कळीचा भाग. रेडिएटरमध्ये एक आखूड नळी आट्यांनी बसवलेली असते, तिचे गोलसर तोंड वाल्व्हच्या तोंडाला टेकते आणि नट त्या दोघांना आवळून धरतो. तीन दिवस रोज संध्याकाळी नटावर गंज सोडवणारे तेल सोडले आणि हलके ठोकले. चौथ्या दिवशी 18 इंची पाइप पाना लावून मी दहा मिनिटे घाम गाळला आणि मग लक्षात आले की मी नट आवळतो आहे. नट वाल्व्हच्या आट्यांवर चढतो, त्यामुळे त्याची दिशा रेडिएटरच्या बाजूने वाल्व्हकडे पाहत ठरवावी लागते, आणि मी उलट्या बाजूला बसलो होतो. यंत्र अभियांत्रिकीची पदवी असलेल्या माणसाने हे कबूल करणे सोपे नाही.

दिशा सुधारल्यावर दुसराच प्रश्न उभा राहिला. नट फिरायला लागला असे वाटले, पण तळघरात उभ्या असलेल्या पत्नीने खालून हाक दिली, ‘‘अहो, थांबा, नळच फिरतोय!’’ तेव्हापासून दोन पाने वापरले: एकाने वाल्व्ह घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, म्हणजे पिळण्याचा जोर नळात उतरत नाही. तरीही नट हलला नाही. ज्योतीने तापवला असता तर तो कदाचित सुटला असता, पण लाकडी जमीन, लाकडी पट्ट्यांवरचा गिलावा आणि शिशाचा रंग यांच्यामध्ये ज्योत लावायची माझी तयारी नव्हती.

शेवटी नट कापला. पितळ मऊ असते. हॅक्सॉने नटाच्या एका पैलूवर आट्यांपर्यंत न जाणारी तिरपी चीर घेतली, तीत छिन्नी ठेवून दोन ठोके दिले आणि नट उलला. वाल्व्हच्या दांड्याजवळून वर्षानुवर्षे पाणी झिरपत असल्याने वाल्व्ह बदलायचाच होता, म्हणून नट गेल्याचे दुःख नव्हते. मात्र नवा वाल्व्ह घेतला की रेडिएटरमधली आखूड नळीही बदलावी लागते, कारण त्यांची तोंडे जोडीनेच घडवलेली असतात. नवे तोंड जुन्या नळीवर नीट टेकत नाही आणि वाफ गळते. ही नळी आतून धरून फिरवणारा खास पाना मिळतो. तो आणून नळी काढायला एक पूर्ण सकाळ लागली. वाल्व्हचे माप सव्वा इंच होते. 24 ते 60 चौरस फुटांच्या रेडिएटरला एक-नळी व्यवस्थेत तेच माप लागते, म्हणजे मूळ बसवणाऱ्याने इथेही नियम पाळला होता. वाल्व्ह निघाल्यावर नळाचे आटे ब्रशने साफ करून त्यावर लोखंडी टोपी बसवली. नुसता वाल्व्ह बंद करून चालले नसते: जुन्या वाल्व्हच्या आतली तबकडी झिजलेली असते, आणि चुकून कोणी बॉयलर पेटवला असता तर उघड्या नळातून वाफ थेट खोलीत आली असती.

दीडशे किलो

अशा रेडिएटरचे वजन ढोबळपणे दर चौरस फुटाला 7 पौंड धरतात. त्या हिशेबाने आमचा 350 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 160 किलोचा होता. त्या उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे आले होते. त्यांची सगळी नोकरी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फौंड्रीत, मोल्डिंग खात्यात झाली. मी आणि दोन मित्र उचलायच्या तयारीने वाकलो, तेव्हा खुर्चीत बसलेले सासरे उठून जवळ आले. त्यांनी लहान हातोडीने एकेक खण वाजवून पाहिला. तडा नसलेले बीड घंटेसारखा आवाज देते, तडकलेले बद्द वाजते. दहाही खण स्वच्छ वाजले.

‘‘जावईबापू, उचलायचं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘बीड दाब सोसतंय, ताण सोसत नाही. एका पायावर भार आला की पाय गेलाच म्हणून समजा.’’

त्यांच्या सांगण्यावरून पहार शेवटच्या खणाच्या तळाखाली घातली, दोन खणांच्या सांध्यात नाही. एक टोक बोटभर उचलून खाली फळी सरकवली, मग दुसरे टोक उचलले. फळीखाली लोखंडी नळाचे तीन तुकडे रुळांसारखे ठेवले आणि रेडिएटर उभ्याचा उभाच शेजारच्या खोलीत नेला. खण एकमेकांत दाबून बसवलेल्या निमुळत्या कड्यांनी जोडलेले असतात आणि लांब सळया त्यांना आवळून धरतात. रेडिएटर आडवा धरून नेला की त्या सांध्यांवर वाकण्याचा ताण येतो आणि पुढे तिथूनच गळती सुरू होते. खण सुटे केले असते तर प्रत्येक तुकडा सोळा किलोचा झाला असता, पण पुन्हा जोडायला नेमक्या मापाच्या कड्या शोधाव्या लागल्या असत्या. वाटेत आतून अर्धा-पाऊण लिटर काळपट पाणी प्लास्टिकवर सांडले. वाफेच्या रेडिएटरमध्ये एवढेच पाणी असते.

नळापासून दूरच्या दोन पायांखाली लाकडाचे दोन चपटे तुकडे निघाले. रंगाने माखलेले, कोणीतरी डगमग थांबवायला घातले असावेत असे वाटणारे. केराच्या पिशवीत टाकले.

जमीन आणि ऑक्टोबर

काळ्या पडलेल्या पट्ट्या उचलल्यावर खालच्या फळ्याही कुजलेल्या निघाल्या आणि नळाजवळच्या तुळईचा वरचा भाग पान्याने टोचला तर भुसभुशीत लागत होता. झिरपणाऱ्या वाल्व्हची ती करणी होती. सुताराने त्या तुळईला लागून नवी तुळई ठोकली आणि बसलेली जमीन जॅकने उचलून समपातळीत आणली. नळाच्या टोकाला ती सुमारे 8 मिलिमीटर वर आली. रेडिएटर तेवढाच उंच बसणार हे माझ्या ध्यानात होते. जमीन उघडी होती तोवर नळाचा शेवटचा आखूड तुकडा तितकाच लांब घेऊन बदलून टाकला, आणि ऑगस्टच्या अखेरीस, पॉलिश पूर्ण वाळल्यावर, रेडिएटर रुळांवरूनच जागेवर आणून नव्या वाल्व्हला जोडला. तोंडे अचूक टेकली. पाणसळ मात्र मी लावली ती खिडकीच्या चौकटीला, रेडिएटरला नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला पहिल्यांदा बॉयलर पेटला आणि त्या रात्री मागच्या खोलीत कोणी घणाने नळ ठोकत असल्यासारखे आवाज सुरू झाले. हवा-झडपेतून पाणी थुंकले जाऊन नव्या पॉलिशवर पडले होते. वरचे भाडेकरू सकाळी चौकशीला आले. वही काढली तेव्हा ढाळाचे ते वाक्य सापडले. आधी नळाच्या टोकाची जमीन बसलेली असल्यामुळे आणि पलीकडच्या पायांखालच्या त्या दोन तुकड्यांमुळे रेडिएटर नळाकडे कललेला होता. जमीन समपातळीत आणून आणि तुकडे फेकून मी दोन्ही आधार काढून घेतले होते. पाणसळ लावली, तर रेडिएटर उलट दिशेला किंचित झुकला होता. थिजलेले पाणी दूरच्या खणांत तुंबत होते. त्यावर पुढच्या फेरीची वाफ येऊन आदळली की ती क्षणात थिजते. वाफेने व्यापलेली जागा तिच्या पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट असते. ती एकदम रिकामी झाली की उरलेले पाणी तिच्यात धावते आणि बिडावर आपटते. आवाज त्याचा होता.

सासरे तोवर कोल्हापूरला परतले होते. फोनवर सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, ‘‘ती लाकडं ठेवलीत ना?’’

ठेवली नव्हती. जमिनीच्या उरलेल्या ओक पट्टीतून 10 मिलिमीटर जाडीचे दोन तुकडे कापले, बॉयलर थंड करून नवा नट सैल केला, पहारीने दूरचे टोक उचलून ते पायांखाली घातले आणि नट पुन्हा आवळला. थुंकणारा हवा-झडप बदलला. त्या रात्री वाफ चढताना झडपेतून हवेचा बारीक सूं आवाज आला, मग झडप मिटला आणि खोली शांत राहिली. पॉलिशवरचे पाण्याचे डाग अजून आहेत. टेबल त्या बाजूला नसल्याने ते सहसा कोणाच्या नजरेस येत नाहीत.